परत केलेल्या गोळ्या

रिपोर्टात विषाणू सापडला नाही, एवढंच पार्वतीबाईनं ऐकलं आणि पुढचं ऐकायला कान शिल्लकच ठेवले नाहीत. २००८ सालची गोष्ट. तीन वर्षं तिचा महेंद्र एचआयव्हीच्या गोळ्या खात होता, आणि यवतच्या वस्तीत हे मायलेकांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आता पोरगं बरं झालं म्हणून बुद्धपौर्णिमेला तिनं अख्ख्या वस्तीला खीर वाढली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्याची आईच उतावळी. भांडगावच्या सोजरबाईची लेक प्राची तिनं महेंद्रसाठी मागितली, सोयरीक ठरवली आणि त्याच्या गोळ्याही बंद करायला लावल्या. "बऱ्या मानसानं औषध खाऊ न्हाई," म्हणाली. महेंद्रलाही तेच ऐकायचं होतं.

नको असलेली वस्तू ज्याची त्याला परत करावी, ही तिची जन्माची रीत. उरलेले गोळ्यांचे डबे पिशवीत घालून ती पुण्याच्या दवाखान्यात गेली. "कुना गरजवंताला द्या, ताई. माझा बरा झाला."

समुपदेशक ललिताताईंनी कपाळाला हात लावला. रागावल्या मात्र नाहीत. "मावशी, रक्तात दिसत नाही म्हणजे गेला नाही. जागा असलेला विषाणू गोळ्या आवरतात. थोडा पेशींमध्ये झोपून राहतो, त्याच्यावर गोळ्या चालत नाहीत. गोळ्या थांबल्या की तो उठतो. त्याला मुळापासून काढणारं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही."

जन्मभर खुरपं चालवलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? लव्हाळा वरून कितीही खुरपला तरी गाठ मातीत राहते, आणि पाणी मिळालं की पुन्हा फुटते. "म्हंजी माझ्या पोराच्या अंगात गाठ ऱ्हायलीच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती महेंद्रला घेऊन आली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परतताना एसटी यवतला थांबली, पण महेंद्र जागचा उठला नाही.

"भांडगावला जाऊन सांगतो, आई."

"आरं, नुसतं न्हाई म्हनू की. कारन कशापायी सांगायचं?"

"मोडल्या सोयरिकीचा बोल पोरीलाच लागतो."

सोजरबाईच्या ओट्यावर आईशेजारी बसून, खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. दारात उभ्या असलेल्या प्राचीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "लगीन न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. पर हे मी कुनाला बोलनार न्हाई."

मायलेकं निघाली. महेंद्र पुढं गेला, तशी प्राची पार्वतीबाईच्या मागं रस्त्यापर्यंत आली.

"मावशी, त्यास्नी गोळ्या सोडू देऊ नका. कुनी कायबी सांगू दे."

पार्वतीबाई थांबली. "म्याच सोडायला लावल्या हुत्या गं, पोरी," म्हणाली, आणि भर रस्त्यात रडू लागली.