लाल उलथन्याचा वास

आता कुणी म्हणेल, एका उलथन्यापायी जिवाला एवढा घोर? तर त्यानं अमेरिकेत, कॅरीसारख्या गावात बिनगाडीचं राहून बघावं. तिथं दूध संपलं तरी गाडी काढावी लागते, आणि नंदाला गाडी येत नव्हती. नवरा बुद्धभूषण सकाळी कंपनीत गेला, सहा वर्षांची रोशनी शाळेत गेली, की घरात नंदा आणि फ्रिजची घरघर. भिंतींशी बोलायची वेळ आली होती. तेवढ्यात शुभा भेटली. पुण्याची, तोंडानं फटकळ, पण 'चल गं, उठ, ग्रोसरीला जाऊ' म्हणत खाली हॉर्न वाजवणारी. या बाईनं नंदाला माणसांत आणलं. शुभाची आन्या आणि रोशनी तर एका ताटात जेवायच्या.

एकच गोष्ट नंदानं तिला सांगितली नव्हती. आडनाव वणीकर, त्यावरून कुणाला काही कळत नाही. तिथल्या मराठी मंडळात नवऱ्यानं स्वतःचं नाव नुसतं भूषण सांगितलं होतं, आणि बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये न लावता बेडरूममध्ये लावला होता. शुभानं विचारलं नाही, नंदानं सांगितलं नाही. आपण खोटं थोडंच बोललो, असं ती स्वतःला समजवायची. पटायचं मात्र नाही.

सिलिकॉनचं उलथनं ही तेव्हा नवलाईची चीज होती. शुभानं मॉलमधून आणलं होतं, लाल पात्याचं, लाकडी दांड्याचं. "वितळत नाही, नॉनस्टिकला ओरखडा नाही. वापरून तर बघ," म्हणत नंदाकडे ठेवून गेली. आणि या बाईसाहेबांनी त्यानं काय परतावं? आईनं धाडलेली सुकट! लसूण, लाल तिखट, सढळ हातानं तेल. दुसऱ्याची नवीकोरी वस्तू आणि त्यावर सुकटीची चटणी. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

शुक्रवारी सकाळी शुभाचा फोन आला. "अगं, उद्या आन्याचा बर्थडे. केकवर क्रीम पसरायचंय, उलथनं दुपारी पिक-अप करते."

नंदानं उलथनं नाकाशी नेलं. सुकट! साबणानं घासलं. ओलं होतं तोवर साबणाचा वास, वाळलं की पुन्हा सुकट. लिंबू चोळलं, बेसन चोळलं. तारेची घासणी उचलली आणि ठेवून दिली, कारण ओरखडे पडले तर तेल आणखीच आत शिरणार. शेवटी डिशवॉशर लावला. त्या घरात डिशवॉशर म्हणजे धुतलेली भांडी निथळत ठेवायचं कपाट होतं, तो चालू झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. उलथनं बाहेर आलं ते लखलखीत, गरमगरम, आणि वास दुप्पट.

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. रागानं पातं पिळलं, तर ते दांड्यावरून सटकन निघून हातात आलं. आत खोबणीत बघते तर चटणीचा तेलकट थर बसलेला! हात्तिच्या, वरून घासून मरत होते आणि चोर आत बसला होता. तिनं काडीनं तो खरवडून काढला. दांडा बाजूला ठेवून पातं पाण्यात टाकलं, दोन चमचे खायचा सोडा घातला आणि खळखळ उकळू दिलं. पाण्यावर तांबूस तवंग आला. सुटलेल्या वासानं घरात मासळीबाजार भरला. पण पातं पुसून हुंगलं, तर वास गेला होता. पुन्हा हुंगलं. खरंच गेला होता.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. रोशनी शाळेतून आली होती, आणि तिच्यामागे शुभा.

"अय्या, सुकट?" दारातूनच शुभा ओरडली.

नंदाची मान खाली गेली. जे झालं ते तिनं भडाभडा सांगून टाकलं.

शुभा पोट धरून हसली. "वेडी आहेस का गं? एवढ्यासाठी सकाळपासून राबतेयस? गेला ना वास? मग झालं तर. अगं, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नव्हतं, आता मी चिकन खाते, यार! आजकाल आपल्यातही सगळे खातात."

नंदाला इतकं हलकं वाटलं की तिलाही हसू आलं. आणि त्याच हसण्यात ते 'आपल्यात' खुपलं. एवढी जिवाभावाची मैत्रीण, हिच्यापासून काय लपवायचं? आज नाही सांगितलं तर कधीच नाही.

"शुभा, आम्ही बौद्ध आहोत. भूषणचं पूर्ण नाव बुद्धभूषण."

शुभाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "हो का? अगं, मग त्यात काय! इथं अमेरिकेत कोण मानतं हे?" तिनं घड्याळात पाहिलं. "चल, पळते. बलून आणायचेत."

"अगं, उलथनं?" नंदानं पातं दांड्यावर बसवून पुढं केलं.

शुभानं दोन्ही हातांनी पर्स धरली. "राहू दे गं, तुझ्याकडेच ठेव. मी नवीन घेते."

"वास गेलाय, शुभा. हुंगून तरी बघ."

"नाही गं, तसं नाही... फोन करते हं," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा. उद्या किती वाजता यायचं, ते सांगायचं राहिलं.

"मम्मी, मावशी फर्गॉट हर स्पॅट्युला!" म्हणून रोशनीनं ते नंदाच्या हातातून ओढलं आणि पळाली. नंदानं हाक मारेपर्यंत पोर पार्किंग लॉटमध्ये पोचली होती. बाल्कनीतून नंदानं पाहिलं, गाडीची काच खाली झाली, शुभानं मान हलवली, काच वर गेली. गाडी वळली.

रोशनी धापा टाकत वर आली. उलथनं तिच्या हातातच होतं.

"मावशी सेड, जस्ट थ्रो इट अवे." तिला काही कळेना. "बट यू क्लीन्ड इट, ना?"

नंदानं उलथनं तिच्या हातातून घेतलं. वाईट वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. सुकटीला ती हसली होती, सुकटीचं उलथनं ती केक करायला नेणार होती.

"टाकायचं नाही, बेटा," ती म्हणाली. "स्वच्छ आहे ते."

मग तिनं तवा ठेवला आणि पोरीसाठी अंडं फोडलं. त्याच उलथन्यानं आम्लेट उलटताना तिनं इतका जोर लावला की ते मधोमध फाटलं.