उतरलेल्या तारा

गिटारच्या तारा नेहमीपेक्षा चार पट्ट्या खाली उतरवल्या की आवाज जड होतो, छातीत घुमतो. पण मग तारा ढिल्या पडतात, म्हणून जाड लावाव्या लागतात. त्या लातुरात मिळत नाहीत, मी पुण्याहून मागवल्या होत्या. यातलं घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं, हे माझंच चुकलं.

माझे वडील, अप्पा, भजनी मंडळात पेटी वाजवतात. आमच्या रेणापुरात त्यांच्या कानाला मान आहे. तीन वर्षांपूर्वी गिटार नवी होती, तेव्हा तिचे सहा सूर मीच त्यांना पेटीवर दाखवले होते. ते त्यांनी पाठ करून ठेवले.

रविवारी लातुरात स्पर्धा होती. आमच्या बँडचं पहिलंच स्टेज, सकाळी अकराला नंबर. आंघोळ करून आले तर अप्पा गिटार मांडीवर घेऊन बसलेले, शेजारी पेटी.

“विशाखा, तारा लई उतरल्या व्हत्या. चढवून दिल्या. एक तुटली, तिथं तुणतुण्याची लावलीय.”

तुटली ती सगळ्यात जाड. गाण्याचा सगळा दणका तिच्यावरच होता. माझं डोकंच फिरलं.

“कुणी सांगितलं व्हतं हात लावायला? मीच उतरवल्या व्हत्या. मुद्दाम.”

“मुद्दाम?” अप्पांना ते पटेना. “बेसूर कोन मुद्दाम करतंय? लोक म्हनतील, माणिकप्पाच्या लेकीला सूर कळंना.”

मी आमच्या ड्रमरला, मुनीबला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“मग नाव काढून घेऊ?”

“घे,” म्हणाले आणि फोन ठेवला.

अप्पा अजून तिथंच. माझा राग जाईना. गेली दोन वर्षं मी वाजवायला बसले की आई दार लावून घ्यायची, भाऊ बाहेर निघून जायचा. अप्पा मात्र येऊन बसायचे, शेवटपर्यंत उठायचे नाहीत. मुनीबला मी ते फुशारकीनं सांगायचे.

“बेसूर वाटत व्हतं तर इतके दिवस बोलला का न्हाईत?”

“तू रुसली असतीस,” अप्पा म्हणाले. “रोज बसून ऐकत व्हतो. म्हनलं, आज तरी सुरात येईल.”

स्पर्धा गेली त्याचं वाईट वाटलंच. पण माझं ऐकणारं घरात एकच माणूस होतं, आणि तेही रोज मी चुकतेय असं समजूनच बसत होतं, हे मला फार लागलं.