दिव्याआडचा तारकागुच्छ

मित्रांनो, मी एक फार म्हातारा तारकागुच्छ आहे. वय सुमारे बाराशे कोटी वर्षे. माझे घर आकाशगंगेच्या सपाट चकतीबाहेर, तुमच्या नरतुरंग तारकासमूहात. पोटात एक कोटीच्या आसपास तारे दाटीवाटीने राहतात. एवढा मोठा असूनही सोलापुरातून मी दिसतो तो उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, दक्षिणेला खाली, नेमका तुमच्या दिव्यांच्या आड. माझा प्रकाश सतरा हजार वर्षे चालून येतो आणि शेवटच्या दोनशे पावलांवर अडतो. चीड येणार नाही का?

गौसचाचा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात पत्र्याचे काम करायचे. निवृत्त झाल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ लेकीकडे राहायला आले. लेक सबिहा शाळेत विज्ञान शिकवते. काचबिंदूने चाचांची नजर चालली होती. "ती जायच्या आत हा गुच्छ एकदा बघायचाय," म्हणत त्यांनी आठ महिने काच घासून दुर्बीण बनवली. मे महिन्यात ती गच्चीवर लावली, तर समोरच्या टॉवेल कारखान्याचा नवा दिवा थेट डोळ्यांत!

सबिहा तिथल्या वॉचमनकडे गेली. "बिभीषणमामा, दहा मिनिटं बंद कराल का?"

"लई अवघड हाय, मॅडम. मालक मलाच घरी बसवतील की."

तिने मालकांना अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला, तोही तसाच पडून राहिला. मी रोज वर येत होतो आणि रोज वाया जात होतो.

शेवटी चाचा स्वतः बिभीषणकडे गेले. "बंद नको करू. मी दिव्यावर पत्र्याची टोपी बसवून देतो. सगळा उजेड तुमच्या गेटवरच पडेल."

बिभीषणने फोन लावला. मालक चटकन हो म्हणाले! चाचांनी बोटांनी चाचपत टोपी घडवली, बिभीषणने शिडीवर चढून ती बसवली. त्याच दिवशी ढग आले आणि मग पावसाळाभर हटलेच नाहीत. मी ढगांमागे नुसता चडफडत राहिलो. ते सरले तोवर संध्याकाळी दिसण्याचा माझा हंगाम संपला होता.

पुढच्या मे महिन्यात आकाश लख्ख होते. सबिहाच्या वर्गातल्या मुली रांगेने मला पाहून गेल्या. "बाई, साखर सांडल्यासारखं दिसतंय!" मग चाचांनी डोळा लावला. आधी उजवा, मग डावा.

"दिसलं का, अब्बा?"

"नाही, बेटा. सगळं काळंच आहे."

मित्रांनो, दिवे जरूर लावा, पण त्यांचे तोंड जमिनीकडे ठेवा, आणि कुणी विनवायला आले तर त्याच दिवशी ठेवा. मी अजून कोट्यवधी वर्षे इथेच आहे. गौसचाचांकडे एकच मे महिना होता.