शेवटचा हात

"मुदत उलटून गेलीय, काका." नोंदणी कचेरीच्या खिडकीतल्या मॅडमनी अर्ज परत सरकवला. "काम संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत बोजा नोंदवावा लागतो. तुमचा जिना बसवून तर तीन महिने होऊन गेलेत."

मिस्त्रींनी अर्ज उचलला आणि त्याची घडी घालायला घेतली. भांडण हा त्यांचा प्रांतच नव्हता. ते लाकडाशी बोलत. माणसांशी बोलायला बायको होती. त्यांनी एका घरात वळणाचा लाकडी जिना करून दिला होता, आणि उरलेल्या निम्म्या पैशांच्या नावाने मालकाने हात वर केले होते. आता तर तो घरच विकायला निघाला होता. घराच्या कागदांवर मिस्त्रींचा बोजा चढला, तर त्यांचे पैसे चुकते केल्याशिवाय सौदा होणार नव्हता. नाही चढला, तर मालक मोकळा. लाकूड उधारीवर आणलेलं, त्यामुळे मिस्त्रींवर मात्र हत्यारं विकायची पाळी येणार होती.

"अहो, घडी काय घालताय?" बायकोने अर्ज हिसकावून घेतला. "काम संपल्याची तारीख कुठली सांगितलीत मला?"

"जिना बसवला ती."

"आणि पॉलिश?"

"ते काय काम झालं?"

बायकोने कपाळाला हात लावला. सकाळी अर्ज भरतानाही हीच तऱ्हा. 'कामाचे वर्णन' या इवल्याशा चौकटीसाठी मिस्त्री तिला जिन्याच्या वळणाबद्दल इतकं सांगत बसले की चहा निवला. आणि कामाची बाब मात्र पोटातच ठेवली.

मिस्त्रींची एक रीत होती. कठड्याला पॉलिशचा शेवटचा हात ते कधीच लगेच देत नसत. आधी घरातल्यांना महिनाभर तो धरून चढू-उतरू द्यायचं, लाकडाला माणसांची सवय होऊ द्यायची, मग डबा-फडकं घेऊन जायचं. "निघाले लेकीची खुशाली बघायला," असं बायको दर वेळी चिडवायची. पण त्यांना मनापासून वाटे की काम जिना बसवला तेव्हाच संपलेलं असतं. आता नुसतं भेटून यायचं.

"थांबा, थांबा," मॅडम म्हणाल्या. "हे पॉलिश ठरलेल्या कामातलं, की नंतरची डागडुजी?"

"ठरलेल्या कामातलं. हा बघा करार, पॉलिशसकट भाव आहे," बायको म्हणाली.

"मग तीच शेवटची तारीख. पण त्या दिवशी तुम्ही तिथे होतात, याला पुरावा?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. बायकोचा मात्र खुलला. तिने पिशवीतून फोन काढला आणि मालकाचाच निरोप मॅडमसमोर धरला. 'आज तुमच्या ओल्या पॉलिशने माझ्या नव्या पँटची वाट लावली. भरपाई द्या.' खाली फोटो, वर तारीख. मुदतीत बसणारी.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा केला.

"काका, कठड्याचं पॉलिश पँटला... मागच्या बाजूला कसं लागलं?"

मिस्त्री संकोचले. "साहेब घसरगुंडी खेळले असणार. कठडा गुळगुळीत झाला की भल्याभल्यांना मोह होतो. मी काही बोललो नाही. मोठा माणूस."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. रांगेतला मागचा माणूस तर सरळ खो खो हसत सुटला आणि पुढचं ऐकायला पाऊलभर जवळ आला. बायको हसता हसता डोळे पुसत होती; त्यातलं किती हसण्याचं आणि किती सुटकेचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तारीख खोडून नवी लिहिली, शेजारी सही झाली, फोनमधल्या निरोपाची प्रत जोडली. मॅडमनी अर्ज आणि त्याची प्रत, दोन्हींवर शिक्का उठवला.

"नोंद झाली, काका. आता साहेबांना आधी तुमच्याकडे यावं लागेल."

मिस्त्रींनी प्रत हातात घेऊन वाचली. वर घराचा पत्ता, त्याखाली मालकाचं नाव आणि लगेच खाली त्यांचं. जन्मभर लोकांच्या घरात राबून, कुठल्या तरी घराच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच लागत होतं.

"आणा, पिशवीत ठेवते," बायको म्हणाली.

"नको. शाई ओली आहे."

दोन्ही तळव्यांवर कागद आडवा धरून ते निघाले, आणि बायको पुढे होऊन त्यांच्यासाठी एकेक दार उघडत गेली.