पन्नास दिवसांचा ईस्टर

तामलवाडीच्या आठ ख्रिस्ती घरांत धुरपदाबाईसारखा उपास कुणालाच जमत नसे. ईस्टरआधीचे चाळीस दिवस ती दुपार नुसत्या पाण्यावर काढायची, आणि गावाला ते कळेल अशा बेतानं काढायची. ईस्टरच्या पहाटे भजनाची पहिली ओळही तीच धरायची. तिच्याआधी तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

महायुद्धाच्या काळात एका वर्षी, उपास सुरू व्हायच्या आधीच, बीदरकडून नवे पाळक आले, ईरण्णा नावाचे. ईस्टरच्या उपासनेत ते म्हणाले, "उपास चाळीस दिवस करता, मग आनंद एका दिवसात का उरकता? प्रभू उठला त्याचा सण पन्नास दिवस करायचा. रोज सांजच्याला एका घरी भजन, आळीपाळीनं. ह्या दिवसांत उपास न्हाय, गुडघे टेकणं न्हाय. उभं राहून गायचं."

झालं. धुरपदाबाईचं सगळं भांडवलच गेलं. आणि हा लांबलचक सण अंगाला लावून घेतला तो शेजारच्या तारामतीनं. तिनं यंदा एकही दिवस उपास धरला नव्हता. पण ती गायला उभी राहिली की टाळ आपोआप जलद व्हायचे, म्हातारी माणसं हसायची. आठवडाभरात भजन सुरू करायला लोक तिच्याच तोंडाकडं बघू लागले. धुरपदाबाई मागं उभी राहून नुसते ओठ हलवी आणि आतून जळे. पोटाला चिमटा मी घेतला, आणि सणाची मालकीण ही? तारामतीच्या लुगड्यापासून हसण्यापर्यंत सगळं तिला खुपू लागलं. चाळीस दिवस भूक सोसलेल्या बाईला दुसरीचं कौतुक काही सोसेना.

शेवटचा, पन्नासावा दिवस कुणाच्या अंगणात करायचा हे ठरवायला मंडळी जमली. तो मान आपलाच, असं धुरपदाबाई धरून चालली होती. अंगण सारवूनही ठेवलं होतं. कुणीतरी म्हणालं, "तारामतीकडंच करू," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

धुरपदाबाईचा तोल गेला. "उपासाच्या दिसांत ही काय करत हुती, इचारा की. प्रभूला खिळलं त्या शुक्रवारी भर दुपारी चुलीम्होरं बसून भाकर खात हुती. म्या डोळ्यानं बघितलंय."

"व्हय, खाल्ली," तारामती शांतपणे म्हणाली. "आमच्या मालकाला सरकारी कामावर महिनाभर वेठीला धरून नेलं हुतं. घरात जवारीचा दाणा न्हवता." मग तिनं पाळकांकडं बघितलं.

पाळकांनी घसा खाकरला. "सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. उपासात वाचलेली भाकर गरजूसाठी देवळातल्या टोपलीत ठेवायचा आपला नेम हाय. रोज न चुकता भाकर यायची ती एकट्या धुरपदाबाईची. तीच मी तारामतीला पोचवत हुतो."

सगळे धुरपदाबाईकडं आदरानं पाहू लागले. तिला बरं वाटायला हवं होतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या गळ्याचा तिनं इतके दिवस दुस्वास केला तो तिच्याच भाकरीवर तगला होता. आणि ती भाकर ठेवताना कुणाची भूक तिच्या मनातही आली नव्हती. लोक बघतात ना, एवढंच मनात होतं.

पन्नासाव्या दिवशी ती घरातच बसून राहिली. शेजारी टाळ वाजले आणि थांबले. थोड्या वेळानं तारामती दारात आली.

"काकू, चला. समदी थांबल्यात. पयली ओळ तुमीच धरा."

धुरपदाबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि तिच्या मागोमाग गेली. लोकांनी वाट करून दिली. सगळ्यांच्या पुढं उभी राहिल्यावर तिनं शेजारी उभ्या तारामतीकडं पाहिलं. हिचा आवाज आपल्यापेक्षा गोड आहे, हे तिला अजूनही टोचत होतं. मत्सर कुठंही गेला नव्हता.

"तूच म्हण, पोरी," ती म्हणाली. "म्या मागनं म्हणते."