हप्त्याचा फोन

शेतकऱ्याला सरकार वर्षातून तीनदा दोन-दोन हजार देतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आकारामअण्णांना त्याबरोबर वर्षातून तीनदा पोरगाही मिळत होता, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. योजनेत नाव घातलं तेव्हा म्हाताऱ्याकडे फोन नव्हता, म्हणून नंबर लागला लेकाचा, वीरधवलचा. वीरधवल हैदराबादला कंपनीत. हप्ता पडला की मेसेज त्याला जाई आणि तो वडलांना फोन करी. "अण्णा, पैसं आलं बघा. जेवलाय न्हवं?" जेमतेम दीड मिनिट. एरवी पोराचा फोन म्हणजे उंबराचं फूल. बायको रंगूबाई गेल्यापासून अण्णा ते दीड मिनिट चार-चार महिने पुरवून खात होते.

यंदा फेरपडताळणी निघाली. अण्णा एसटीने लोणंदला रुक्सारच्या सेवा केंद्रात गेले. जन्मभर खुरपं धरून अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, यंत्र काही ओळख देईना. मग रुक्सारनं त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरला.

"अण्णा, आता डोळं मिचकवा."

अण्णा लाजून चूर. सत्तरीच्या माणसाला पोरीबाळींपुढं डोळे मिचकवायला लावतं, हे कसलं सरकार! पण काम झालं. पोरगी मायाळू. जाता जाता म्हणाली, "तुमच्याकडं फोन हाय की आता. नंबर तुमचाच टाकते. लेकाला कशाला तरास?"

अण्णा "व्हय" म्हणून बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हप्ता पडला. खिशात टुंगकन वाजलं. मेसेज काही अण्णांना वाचता आला नाही, पण कशाचा ते कळलं. त्यांनी फोन भरून चार्ज केला, गोठ्यात नेला, उशाशी घेतला. शेजारच्या लालासाहेबाला मिस कॉल द्यायला लावून तो वाजतो का, तेही पाहिलं. चांगला खणखणीत वाजत होता. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी ते पुन्हा लोणंदला. "पोरी, जुनाच नंबर टाक परत."

"लोक उलटं करून मागत्यात, अण्णा. का वो?"

"माज्या फोनला रेंज न्हाई."

रुक्सारनं नंबर घातला. "लेकाच्या फोनवर सहा आकडं गेल्यात. तेवढं इचारा." अण्णांना कानाला लावून नीट ऐकू येत नसे, म्हणून तिनंच स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"कसलं आकडं, अण्णा?" वीरधवल घाईत होता. "तुमच्याच फोनवर येतंय तर बेसच झालं की. माज्यामागची एक कटकट गेली. ऱ्हाऊ द्या तसंच. ठेवतो, मीटिंग हाय."

जेवणाचं विचारायचं राहूनच गेलं.

अण्णा फोनकडे बघत राहिले. इतकं एकटं त्यांना रंगूबाईच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

"रेंज गेली मधीच," ते म्हणाले. "काय म्हनला, कळलंच न्हाई."

रुक्सारनं शब्द न् शब्द ऐकला होता. तिनं घातलेला नंबर खोडला.

"व्हय अण्णा," ती म्हणाली, "तिकडं रेंजच नसती."