काटा खाली आणणारे बाबा

चढाच्या पायथ्याशी टॅक्सी स्टँड आहे. त्याच्या मागच्या शेडसमोर सकाळी आठपासून चढावर तापणाऱ्या गाड्यांची रांग लागायची. सगळ्यांची इंजिनं चालू, कारण इंजिन तापून तापमानाचा काटा वर आलेला हवा अशी बाबांची अटच होती. एरवी दोन मिनिटं हॉर्न न वाजवता बसणं ज्यांच्या जिवावर येतं, ते ड्रायव्हर तिथे हात जोडून गप्प बसलेले मी पाहिलेत.

त्यांना शांतबाबा म्हणत. खिडकीतून हात आत घालून ते डॅशबोर्डवर ठेवायचे आणि डोळे मिटून सुरू व्हायचे, की गाडीलाही जीव असतो, तुम्ही तिला चढावर दामटता, शिव्या घालता, मग तिचा राग डोक्यात जातो, आणि हा तापमानाचा काटा म्हणजे तिचं डोकं. तोवर समोर बाबांचा माणूस बॉनेट उघडून इंजिनावर शांतिजल शिंपडत असे. बाबा म्हणायचे, "निव गं बाई, निव." आणि लाल खुणेला टेकलेला काटा झपकन खाली येऊन आडवा पडायचा. खिडकीशी माना घुसवून उभे असलेले बाप्ये डोळे पुसायचे.

मला हसू यायचं. सतरा वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. पहिल्या दिवशी मी कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नाही, आधी काटे शिकवते. लोक जांभया देतात आणि मॅडम गाडी कधी चालवायची म्हणून विचारतात. त्यांना मी सांगते, की वेगाचा काटा तुम्ही आपणहून बघाल, पेट्रोलचा खिशाच्या धाकाने बघाल, हा तापमानाचा मात्र कोणी बघत नाही आणि तोच इंजिन वाचवतो.

हसू यायचं खरं, पण ते शांतिजल शिंपडणारा माणूस माझा सख्खा दादा होता. त्याच्या गॅरेजकडे वर्षभर कुत्रं फिरकलं नव्हतं. मी त्याला चिडवलं, तर म्हणाला की मी आपला पाणी शिंपडतो, बाकी बाबा जाणोत.

मग एक दिवस काका हरखून सांगत आले की त्यांच्या टॅक्सीचा काटा बाबांनी उतरवला, आता चढावरसुद्धा हलत नाही. वडील गेल्यावर आम्हा दोघांना काकांनी त्याच टॅक्सीच्या जिवावर वाढवलं. आता ते त्रेसष्ट वर्षांचे, ती टॅक्सीही म्हातारी. "ही थांबली की मीपण थांबलो," असं ते नेहमी म्हणत. माझं हसू तिथेच विरलं. मी तडक दादाला गाठलं आणि काकांच्या गाडीला काही केलंस का म्हणून तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "वेडी आहेस का? त्यांच्या गाडीचा रेडिएटर मी स्वतः बघून दिलाय." मी निश्चिंत झाले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी काका मला घरी सोडत होते. तासभर गाडी चालली, चढ संपत आला, तरी काटा तळालाच. धडधाकट माणसाच्या अंगातही ऊब असते. तसा चालत्या गाडीचा काटा मधोमध यायला हवा. तासाभरानंतरही तो तळाला असेल तर गाडी शांत झालेली नाही, काटाच बंद पडलाय. तेवढ्यात गोडसर जळका वास आला. मी काकांना गाडी बाजूला घ्यायला लावली, पण ती पुरती थांबायच्या आधीच इंजिन घरघरून बंद पडलं.

बॉनेट उघडलं तर वाफ तोंडावर आली. रेडिएटर कोरडा ठाक होता. इंजिनाचा ताप काट्याला कळवणारी एकच वायर असते, ती काढून पाइपामागे खोचली होती. तिच्या उघड्या तोंडाला काळी टेप होती आणि टेपचं टोक आत दुमडलेलं होतं, पुन्हा सोडवताना नखं झिजू नयेत म्हणून. तसं टोक दुमडायला मला कोणी शिकवलं? दादाने, ह्याच टॅक्सीच्या बॉनेटखाली, मी दहा वर्षांची असताना. मी ती वायर हातात धरून रस्त्यात रडले.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिनावरचं हेड तापून वाकलंय, इंजिन संपलं म्हणून सांगितलं.

पुढच्या सकाळी मी स्कूलची गाडी ढकलत शेडसमोर नेली. इंजिन चालूच केलं नव्हतं, बॉनेट हाताला गार लागत होतं. काकांना सीटवर बसवलं, किल्ली अर्धी फिरवायला सांगितली आणि काटा दिसेल तसा मोठ्याने बोलायला सांगितला. मग बॉनेट उघडून काट्याची वायर काढली आणि तिचं तोंड इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं.

"लाल," काका म्हणाले.

मी वायर उचलली.

"खाली." पुन्हा टेकवली. "लाल." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "खाली."

गर्दीला मी एवढंच सांगितलं, की गार इंजिनाचा काटा मी लाल केला आणि हात न ठेवता उतरवला, मला कोणी बाबा म्हणू नका. तुम्ही सगळे काट्याकडे बघत होतात आणि उघडं बॉनेट तुमच्यासमोर पडद्यासारखं उभं होतं. बाबांनी आता बॉनेट बंद ठेवून एक काटा उतरवून दाखवावा.

बाबांनी दादाकडे बोट केलं. "मी फक्त हात ठेवतो. आतलं सगळं ह्याचं."

काका गाडीतून उतरून दादासमोर उभे राहिले. "माझी गाडी आहे हे ठाऊक होतं ना तुला?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमचा शब्द स्टँडवर सगळे मानतात, काका. तुमचा काटा उतरला म्हणूनच रांग वाढली. तुम्ही चढावर सावकाश जाता, मला वाटलं निभेल."

काका चालत घरी गेले, आणि तेव्हापासून घरीच आहेत.

आता माझं ऐका. काटा वर गेला तर गाडी थांबवा, इंजिन पुरतं निवू द्या, मगच पाणी बघा. काटा तुमचं वाईट चिंतत नाही, तो खरं सांगतो, म्हणून त्याला गप्प करणाऱ्याला जवळ करू नका. तो खाली आला तर कसा आला ते विचारा आणि स्वतः बॉनेट उघडून बघा. बाबांवर मी एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. मला फसवायला बाबा लागलेच नाहीत. दादा नाही म्हणाला, आणि सतरा वर्षं लोकांना काटे शिकवणारी मी, एकदासुद्धा बॉनेट उघडून बघितलं नाही.